सिंगापुरातही चारशेवीस म्हणजे चारशेवीसच! (इंग्रजांचा कायदा इथे आला, की इथून गेला?)

शिरस्तेदार

नमस्कार मंडळी. परवा भाचीनं सिंगापुरातून तिथल्या पोलिसांच्या पत्रकाचा फोटो पाठवला. भाड्यानं घर देतो सांगून आगाऊ पैसे उकळणाऱ्या एका भामट्याला पकडलं होतं. आरोप काय, तर दंडविधान १८७१, कलम ४२०. खाली भाचीचा प्रश्न : ‘मामा, यांनी हे आपल्याकडून ढापलं की काय?’

तिनं गंमत म्हणून विचारलं, पण उत्तर खरोखर ‘हो’ असं आहे. त्याचाच हा धागा.

माझी एकतीस वर्षं जिल्हा न्यायालयात गेली, बरीचशी फौजदारी बाजूला. आमच्या पिढीला कलमं पाढ्यांसारखी पाठ. माणसाचं नाव विसरेल, पण ‘तो तीनशेदोनवाला’ म्हटलं की चेहरा डोळ्यांसमोर येतो. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा मी निवृत्त झालेलो होतो, पण कोर्टात चक्कर मारली. जिकडेतिकडे टेबलांच्या काचेखाली जुन्या-नव्या कलमांचे तक्ते सरकवलेले. गुन्हा ३० जूनपर्यंतचा असेल तर जुनं कलम, नंतरचा असेल तर नवं, त्यामुळे दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी. खून आता १०३. नव्या ३०२ मध्ये धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारणं आहे. आणि ४२० क्रमांकाचं कलमच नाही, कारण नवी संहिता ३५८ वर संपते. फसवणूक ३१८ मध्ये गेली. म्हणजे जिथे जन्मलं तिथून ४२० गेलं, आणि सिंगापुरात, मलेशियात, पाकिस्तानात, बांगलादेशात ते अजून ठाण मांडून आहे.

आता मूळ गोष्ट. आपल्या डोक्यात चित्र असं असतं की इंग्रजांनी आपल्या देशातला कायदा पेटीत भरून बोटीनं इथे आणला. करार, पुरावा अशा बाबतींत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. फौजदारीचं मात्र उलट झालं. लिहिलेली, क्रमानं कलमं लावलेली, कुणालाही उघडून वाचता येईल अशी दंडसंहिता इंग्लंडकडे तेव्हा नव्हती आणि आजही नाही. तिथे खुनाची व्याख्या अजूनही संसदेच्या कुठल्याही कायद्यात सापडत नाही. जुन्या न्यायाधीशांच्या निकालांतून ती चालत आली आहे. जे घरी नाही ते इथे कसं झालं?

१८३३ च्या सनदी कायद्यानं गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात ‘कायदा सदस्य’ असं नवं पद काढलं आणि त्यावर आला थॉमस बॅबिंग्टन मेकॉले. शिक्षणाच्या टिपणामुळे त्याला शिव्या देणं आपल्याला सवयीचं आहे, पण त्याची दुसरी करणी जास्त टिकली. विधी आयोगात मॅक्लिऑड, कॅमेरॉन, मिलेट आणि मुंबई इलाख्यातला सनदी नोकर अँडरसन होते. त्यांच्यातले बरेच जण आजारी पडले आणि मसुद्याचा भार मेकॉलेवर आला. १८३७ मध्ये मसुदा तयार. त्यानंतर तेवीस वर्षं तो धूळ खात पडला. ५७ सालचा उठाव झाला, कंपनी गेली, राणीचं राज्य आलं, मेकॉलेनंतर कायदा सदस्य झालेल्या बार्न्स पीकॉकनं मसुद्यावरून हात फिरवला आणि ६ ऑक्टोबर १८६० ला तो कायदा झाला. अंमल १ जानेवारी १८६२ पासून.

मुंबई इलाख्यापुरतं सांगायचं तर आपल्याकडे त्याआधीही लेखी फौजदारी कायदा होता. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या १८२७ च्या नियमांतला चौदावा नियम. मेकॉलेच्या आयोगानं तो समोर ठेवला होता, आणि त्याला नावंही ठेवली होती.

माझ्याकडे जुन्या संहितेची एक प्रत आहे. पाठ वाळवीनं खाल्लेली, कलम ३७८ चं पान सुटं झालेलं. चोरी म्हणजे काय हे समजावायला तिथे उदाहरणं दिली आहेत. ‘ए’ खिशात कुत्र्याला आवडणारं आमिष ठेवतो, ‘झेड’चा कुत्रा त्याच्या मागे मागे जाऊ लागतो. ‘ए’चा हेतू लबाडीनं कुत्रा नेण्याचा असेल, तर कुत्रं चालू लागलं त्या क्षणी चोरी झाली. पुढच्या उदाहरणात खजिन्याची पेटी पाठीवर घेतलेला बैल आहे. बैल हाकला की पेटीची चोरी झाली. शेवटच्या ५११ व्या कलमात एक जण खिशात हात घालतो आणि खिसा रिकामाच निघतो! तरी तो चोरीचा प्रयत्नच. कायद्यातच अशी उदाहरणं घालायची ही मेकॉलेची पद्धत. झेड बिचारा दीडशे वर्षं लुबाडला जातोय.

पुढचं प्रतिसादांत लिहितो, बोटं दुखली.

टवाळखोर

पहिला! काका, झेडला एकदा तरी पोलिसात तक्रार करायला सांगा.

धागा मस्त. वाचनखूण साठवली. एक शंका : आपल्याकडची ज्युरी नानावटी खटल्यामुळे बंद झाली ना?

बखरवाचक

@टवाळखोर, असं सगळे म्हणतात, पण गोष्ट इतकी सरळ नाही. नौदल अधिकारी नानावटीच्या खून खटल्यात १९५९ मध्ये ज्युरीनं आठ विरुद्ध एकनं निर्दोष म्हटलं आणि सेशन्स न्यायाधीशांनी ते न पटून प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, हे खरं. पण ज्युरी त्याआधीच ठिकठिकाणी आटत चालली होती, आणि काही ठिकाणी नंतरही उरली. शेवटचा पडदा १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं टाकला. अवांतर : पारशांच्या घटस्फोटाच्या दाव्यांत मुंबईत अजूनही समाजातल्या प्रतिनिधींची ज्युरीसारखी मंडळी न्यायाधीशाबरोबर बसते.

शिरस्तेदार, इंग्लंडात जे जमलं नाही ते इथे का जमलं, ते लिहा. खरी मेख तिथे आहे.

शिरस्तेदार

@बखरवाचक, तुम्ही मुद्द्यावर बोट ठेवलंत.

इंग्लंडात कायदा करायचा तर कॉमन्स, लॉर्ड्स, बॅरिस्टर, न्यायाधीश, वर्तमानपत्रं, सगळ्यांची तोंडं धरायची. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन इथे १८६९ ते ७२ कायदा सदस्य होता. पुराव्याचा कायदा, १८७२ चा, त्याच्याच हातचा. परत गेल्यावर त्यानं इंग्लंडसाठीही तशीच फौजदारी संहिता लिहिली, १८७८ मध्ये विधेयकही आलं. न्यायाधीशांनी नाकं मुरडली आणि ते बारगळलं. तोच मसुदा कॅनडानं १८९२ मध्ये घेतला, न्यूझीलंडनं १८९३ मध्ये. घरचा मात्र कोरडाच राहिला.

इथे कुणाची तोंडं धरायची होती? ६ ऑक्टोबर १८६० ला ज्या कौन्सिलानं संहिता मंजूर केली त्यात एकही हिंदी माणूस नव्हता. पहिले हिंदी सदस्य आले १८६२ मध्ये, तेही नेमलेले, आणि त्यांत एक आपले रत्नागिरीकडचे, ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे. तोवर कायदा लागूही होऊन गेला होता.

सुटसुटीत, एकसंध कायदा जमला, कारण विरोध करायला खोलीत कुणी नव्हतं. हे मला कोर्टात तीस वर्षं काढून कधी सुचलं नव्हतं, निवृत्तीनंतर वाचताना लक्षात आलं.

वाकडी_वाट

शिरस्तेदार, लेख उत्तम पण शेवटच्या ओळीतला सूर पटला नाही. खोलीत कुणी नव्हतं म्हणजे कोण नव्हतं? तुमचे-माझे पणजोबा तरी खोलीत बसले असते का? पेशवाईत गुन्हा एकच पण शिक्षा जात बघून व्हायची. ब्राह्मणाला देहान्त नाही, इतरांना आहे. वाद मिटला नाही तर दिव्य : तापलेलं लोखंड हातात धर, उकळत्या तेलातनं नाणं काढ. रामशास्त्र्यांचं नाव आपण अजून घेतो, कारण तसा माणूस विरळाच होता. मेकॉलेच्या पुस्तकात ‘ए’ची जात लिहिलेली नाही. ही लहान गोष्ट नाही. शाळेत पाय ठेवू न दिलेल्या माणसांना पहिल्यांदा कागदावर तरी समान उभं केलं ते या पुस्तकानं. उपकार म्हणू नका हवं तर, पण झाकूही नका.

शिरस्तेदार

@वाकडी_वाट, मान्य. ‘ए’ला जात नाही हे मी लिहायला हवं होतं.

पण त्याला कातडीचा रंग मात्र होता. संहिता सगळ्यांना एक, पण खटला कुणापुढे चालायचा हे प्रक्रियेच्या कायद्यात, आणि तिथे मेख मारलेली. मुफसलात, म्हणजे मुंबई-कलकत्त्यासारख्या शहरांबाहेर, गोऱ्या माणसाचा खटला हिंदी मॅजिस्ट्रेटनं चालवायचा नाही. १८८३ मध्ये इल्बर्ट बिलानं ती अट काढायचं ठरवलं तर कलकत्त्यापासून नीळ-चहाच्या मळ्यांपर्यंत गोऱ्यांनी आकाशपाताळ एक केलं. शेवटी तडजोड अशी, की गोरा आरोपी ज्युरी मागू शकेल आणि तिच्यात निम्मे तरी युरोपियन वा अमेरिकन असतील. कायदा सर्वांना सारखा, मांडव वेगळा.

मोहोळचा_पोऱ्या

सहसा नुसता वाचतो, आज लिहितो.

वर त्या स्टीफन साहेबाचं नाव आलं. तो कायदा सदस्य असतानाच, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. तेव्हा उत्तर हिंदुस्थानापुरता होता, १९११ च्या कायद्यानं आपल्या इलाख्यालाही धरलं. वर लिहिलंय की ‘ए’ची जात लिहिलेली नाही. या कायद्यात जातच लिहिलेली होती आणि गुन्हा लिहायची गरज नव्हती. जन्माला आला की नोंद, बोटांचे ठसे, हजेरी, गाव सोडायचं तर पास.

सोलापुरात आजही ‘सेटलमेंट’ म्हटलं की कुठला भाग ते रिक्षावाला विचारत नाही. तारेचं कुंपण, आत वस्ती. गिरण्यांना माणसं लागायची, ती तिथून जायची. आमची आजी तिथलीच. तिला जन्मतारीख माहीत नव्हती, पण हजेरीची घंटा कशी वाजायची ते ती जिभेनं आवाज काढून दाखवायची. टण्ण, थांबून, टण्ण टण्ण. म्हातारपणी देवळातली घंटा अशी वाजली की हातातलं काम टाकून उभी राहायची. आम्ही पोरं हसायचो.

कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. आमच्यात विमुक्त दिन त्याच दिवशी. पण मुंबई राज्यानं १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा केलाच, आणि चोरी झाली की पहिला फेरा कुठल्या वस्तीवर जातो ते इथल्या पोलीसवाल्यांनी सांगावं.

एवढंच.

वाकडी_वाट

@मोहोळचा_पोऱ्या, वाचून गप्प झालो. माझा वरचा प्रतिसाद तसाच ठेवतो, पण त्याच्या खाली तुमचा वाचला जावा.

जुनाफौजदार

मोहोळकर, प्रश्न माझ्यासारख्यांनाच आहे. पहिला फेरा तुम्ही म्हणता तिथेच जायचा. मीही गेलोय. समर्थन करत नाही.

आता थोडं आमच्या बाजूनं आणि थोडं आमच्या विरुद्ध. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हे सिनेमे बघून सगळ्यांना माहीत असतं. हे आलं कुठून? इंग्लंडात असं सरसकट कलम नव्हतं. मद्रासेत छळाच्या चौकशीचा आयोग बसला, १८५५ मध्ये त्याचा अहवाल आला. महसूल आणि पोलीस दोन्ही खात्यांचे शिपाई लोकांना कसं मारतात, उन्हात कसं उभं करतात, ते सगळं कागदावर आलं. त्यानंतर १८६१ च्या फौजदारी प्रक्रियेत कलम आलं : पोलिसापुढची कबुली बाद. मग पुराव्याच्या कायद्यात २५ वं कलम, आता नव्या अधिनियमात २३ वं. म्हणजे स्वतःच पोलीस उभे करायचे आणि स्वतःच कायद्यात लिहायचं की यांच्यावर विश्वास ठेवू नका. नोकरीत असताना मला या कलमाचा राग यायचा. आता येत नाही.

आणि पंचनामा. पंच हा आपला गोतसभेतला शब्द. गावचे चार मानकरी बसून निवाडा करायचे ते पंच. एल्फिन्स्टननं पेशवाईनंतर सुरुवातीला पंचायती चालू ठेवायचा प्रयत्न केला होता. पुढे न्याय कोर्टात गेला आणि पंचाचं काम उरलं ते जप्तीच्या कागदावर सही ठोकण्याचं. रात्री दोनला धाडीवर पंच कुठून आणायचे? म्हणून चहाच्या टपरीवरचे ठरलेले दोघं. बचावाचा वकील पहिलाच प्रश्न विचारणार : ‘याआधी किती पंचनाम्यांवर सही केलीत?’ संपलं.

टवाळखोर

फौजदारसाहेब, टपरीवरच्या पंचांना चहा तरी पाजायचात का?

जुनाफौजदार

पाजायचो. भत्ता मिळायचा नाही, मग तेवढं तरी.

कोकणकन्या

कुटुंब न्यायालयात वकिली करते. तुम्ही सगळे फौजदारीत रमलात, म्हणून दिवाणीतला एक नमुना.

रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न, नवरा दादाजी भिकाजी. ती सावत्र वडिलांकडे, डॉक्टर सखाराम अर्जुनांकडे राहून शिकली आणि नांदायला जायला नकार दिला. १८८४ मध्ये दादाजीनं मुंबई हायकोर्टात दावा लावला : बायकोला माझ्याकडे पाठवा. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा. आता गंमत पाहा, हा दावा धर्मशास्त्रातला नाहीच. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये हेच म्हटलं, की न नांदलेल्या बाईला न्यायालयानं नवऱ्याकडे ढकलावं याला हिंदू कायद्यात आधार नाही, आणि दावा फेटाळला. अपिलात ते फिरलं. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा आदेश : नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद.

त्याच्या तीन वर्षं आधी, १८८४ मध्ये, इंग्लंडनं स्वतःच्या बायकांसाठी या दाव्यातली कैद काढून टाकली होती! लंडनमध्ये कैद नाही, मुंबईत आहे. आणि आपले सनातनी इंग्रजांच्या चर्चचा दावा हिंदू धर्म म्हणून छातीशी धरून बसले. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी आयुष्यभर काम केलं.

इंग्लंडनं हा दावा १९७० मध्ये पूर्ण रद्द केला. आपल्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून तो अजून आहे. १९८३ मध्ये आंध्र उच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला, पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं वैध धरला. मागच्या महिन्यात माझ्याकडे एक आई आली होती, मुलीला आलेली नोटीस घेऊन. नोटिशीला हळदीचं बोट लागलेलं, बहुतेक स्वयंपाक करता करता वाचली असणार. म्हणाली, ‘वकीलबाई, पोलीस येऊन नेतील का हो तिला?’ नेत नाहीत, आता फक्त मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. पण तिचा प्रश्न १८८७ चाच होता.

बखरवाचक

@कोकणकन्या, दंडवत ताई.

टिळकांशिवाय हा धागा पुरा होणार नाही, म्हणून लिहितो. राजद्रोहाचं कलम मेकॉलेच्या मसुद्यात होतं, ११३ वं. १८६० च्या कायद्यातून ते गळलं. स्टीफननं १८७० मध्ये ‘नजरचुकीनं राहिलं’ म्हणून १२४-अ लावलं. पुन्हा तेच गृहस्थ! इंग्लंडात राजद्रोही लिखाण हलक्या वर्गातला गुन्हा, इथे काळ्या पाण्याची जन्मठेप.

१८९७ चा खटला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे. कायद्यात शब्द होता अप्रीती. स्ट्रॅचींनी ज्युरीला सांगितलं, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. थोडक्यात, सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा. ज्युरीत सहा युरोपियन, तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन. दीड वर्ष शिक्षा.

१९०८ चा खटला मला भाषेच्या अंगानं जास्त खटकतो. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे केसरीतले लेख मराठीत. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. म्हणजे गुन्हा मराठी वाक्यांत आणि निकाल इंग्रजी भाषांतरावर. टिळकांनी सरकारी भाषांतरातल्या चुका दाखवण्यात बराच वेळ घालवला. अमुक शब्दाला तुम्ही तमुक इंग्रजी शब्द घातलात, त्यानं अर्थ भडकला. न्यायमूर्ती होते दावर, जे ९७ साली जामिनासाठी टिळकांचेच वकील होते. सात विरुद्ध दोन, सहा वर्षं, मंडाले. गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबानं सहा दिवस संप केला. मुंबई हायकोर्टाच्या मधल्या दालनात, जिथे हा खटला चालला, तिथे टिळकांचे शेवटचे शब्द संगमरवरावर कोरलेले आहेत. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागलांनी ती पाटी लावली.

इंग्लंडनं राजद्रोह २००९ च्या कायद्यानं पुसला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ११ मे २०२२ ला १२४-अ स्थगित ठेवलं आणि नव्या संहितेत १५२ आलं. राजद्रोह हा शब्द गेला. बाकी काय गेलं ते कलम वाचून ज्यानं त्यानं ठरवावं.

मडगांवकार

गोंयांतल्यान नमस्कार. आमची तऱ्हा वेगळीच. १९६१ नंतर फौजदारी तुमच्यासारखी मेकॉलेची, लग्न-वारशात मात्र मुळात १८६७ ची पोर्तुगीज संहिता. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात, जमीन विकायची तर दोघांच्या सह्या लागतात. मृत्युपत्रानं सगळं एकालाच देता येत नाही, अर्धं वारसांसाठी राखीव. मुलगा-मुलगी सारखे. घाटावरची सून आली की पहिल्या दिवाळीला तिला हे कळतं आणि ती माहेरी फोन लावते!

टवाळखोर

मडगांवकार, एखादं स्थळ आहे का हो?

शिरस्तेदार

@टवाळखोर, धागा विवाहमंडळाचा नाही.

आता भाचीच्या प्रश्नाचं राहिलेलं उत्तर. सिंगापूर, पेनांग, मलाक्का ही बंदरं १८६७ पर्यंत कलकत्त्याहून चालवली जायची. नंतर वेगळी झाली तरी १८७१ मध्ये त्यांनी दंडसंहिता घेतली ती हिंदुस्थानची, कलमांच्या क्रमांकांसकट. खून ३०२, फसवणूक ४२०, आणि ३७७ सुद्धा. आपण २०१८ मध्ये ३७७ मधून सज्ञानांच्या संमतीचे संबंध वगळले. सिंगापूरनं १९३८ मध्ये त्याच्या पोटात घातलेलं ३७७-ए २०२२ मध्ये काढलं. सिलोननं १८८३ मध्ये संहिता घेतली पण क्रमांक बदलले, तिथे खून २९६.

आणि आफ्रिका. हे वाचून मला स्वतःला धक्का बसला. झांजिबारमधल्या इंग्रजी न्यायालयाच्या निकालावर अपील कुठे, तर मुंबई हायकोर्टात! एडन तर मुंबई इलाख्याचाच तुकडा. केनियातही सुरुवातीला हिंदुस्थानचीच दंडसंहिता. गोऱ्या मळेवाल्यांची तक्रार अशी की ‘आम्हाला हिंदुस्थानी कायदे कसले लावता?’ १९३० मध्ये तिथे ती बदलून वसाहत खात्याची नवी संहिता आली.

नायजेरियात तर दोन्ही. ऑनलाइन फसवणुकीला तिथे ‘फोर नाइन्टीन’ म्हणतात, कारण फसवणुकीचं कलम ४१९. ती संहिता ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या नमुन्यावर बेतलेली. पण उत्तर नायजेरियानं स्वातंत्र्याच्या तोंडावर घेतली सुदानची संहिता, आणि सुदाननं १८९९ मध्ये घेतली होती आपली. भामट्याला आपण चारशेवीस म्हणतो, ते चारशेएकोणीस. जुळ्या भावांसारखे.

कोकणकन्या

काका, मग भाचीला काय कळवलंत?

शिरस्तेदार

कळवलं की ढापलं म्हणू नकोस. कलकत्त्यात इंग्रजानं शिवलेला कोट आहे, मापं आपली घेतली होती, आपल्याला न विचारता. तिचं उत्तर आलं : ‘मामा, लांबलं.’

मोहोळचा_पोऱ्या

एक विचारायचं राहिलं. तो खिशात आमिष ठेवून कुत्रं नेणारा ‘ए’. नव्या संहितेत गुलामगिरीच्या खुणा पुसल्या म्हणतात. तो गेला का?

शिरस्तेदार

आत्ता उठून पाहिलं. कलम ३०३, चोरी. आहे. बैलही आहे, पेटीसकट.